भिंतीखालचं नाव

सकाळी सहालाच अक्का रंगकामाच्या लाकडी घोडीवर चढली. मे महिन्याची तीन तारीख होती, आणि तिच्या पोरीची, पुनमची हळद सात तारखेला. मी खाली दोरी धरून उभा. दोरी निळीत बुडवायची, एक टोक तिच्या हातात एक माझ्या हातात, मधे चिमटीत ओढून सोडली की भिंतीवर सरळ रेघ उमटते. त्या रेघेवर मग अक्षर बसतं.

अक्का वरून म्हणाली, "ताणी धर रे रुप्या. तुन्ही रेघ कायम पोट काढस."

"पोट तुन्हा भावले शे, रेघले नही," मी म्हटलं.

हसली ती. त्या दिवशीचं तेवढंच हसणं.

आमच्याकडं लग्नघराची दाराजवळची भिंत रंगवतात. दाराच्या वर गणपती, दोन्ही बाजूला मोर, खाली हत्ती, आणि मधे नवरानवरीचं नाव न् तारीख. आता बरेच लोक फ्लेक्स लावून मोकळे होतात, पण ज्यांना हौस आहे ते अजून भिंतच रंगवून घेतात. सोनगीरपासून इकडं शिरपूर आणि तिकडं साक्रीपर्यंत अशा किती भिंती असतील ज्यांच्या खाली उजव्या कोपऱ्यात लिहिलेलं आहे, रुपचंद आर्ट, सोनगीर, आणि त्याखाली माझा मोबाईल नंबर. तो रुपचंद मी. आणि त्यातली एकपण भिंत मी रंगवलेली नाही. माझी लोडिंग रिक्षा आहे, मी घोडी आणि रंगाचे डबे वाहून नेत होतो. भिंती सगळ्या माझ्या अक्काच्या. दिपमाला तिचं नाव. तोंडानं सांगतो तर लोक हसतात, म्हणून लिहून राहिलो.

अक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. पिंपळनेरला दिली होती. दाजींचं नाव छगन, ट्रकवर जायचे. अक्काला हाताची कला पहिल्यापासून होती, पण ती कला मोठी झाली सासरी. गल्लीत कोणाचं लग्न निघालं की बाया तिला हाताला धरून न्यायच्या, दिपमाला, आमची भिंत तूच काढ. पुनम कडेवर आणि ब्रश दुसऱ्या हातात. ललित झाला तर त्याची झोळी त्या लग्नघराच्याच दारात बांधायची. एक हात रंगात, एक हात झोळीच्या दोरीला. तेव्हा ती भिंतीखाली स्वतःचं नाव लिहायची, दिपमाला छगन, आणि दाजी ट्रक थांबवून लोकांना दाखवायचे, बघा आमच्या घरचं.

मग हायवेला दाजींचा ट्रक उलटला. छातीचा पिंजरा मोडला. धुळ्याला नऊ दिवस ठेवले, काढले ते एक्सरे अक्काला दिले, आणि माणूस गेला. वर्षाच्या आत सासरच्यांनी तिला दोन पोरांसोबत आमच्या दारात आणून सोडलं. पुनम दहा वर्षांची, ललित सहाचा. अक्काच्या पेटीत दोन साड्या, लग्नातला शालू आणि ते एक्सरे.

एक महिना ती बसून राहिली. मग एक दिवस दुपारी पाहतो तर ती एक्सरेचा कागद मांडीवर घेऊन ब्लेडनं कापून राहिलेली. माझी बायको ज्योत्स्ना घाबरली, म्हणाली भाऊजींचा शेवटचा फोटो कापून राहिल्या ताई. अक्का म्हणाली, फोटो नाही, हाडं आहेत. त्यातून तिनं मोराचा छाप काढला. एक्सरेचा कागद कडक असतो, रंग लागला तरी फुगत नाही, पुसला की परत कोरा. अकरा वर्षं आमच्या मुलखातल्या लग्नाच्या भिंतींवर जो मोर नाचला तो दाजींच्या फासळ्यांतून कापलेला आहे. कोणाला माहीत नाही. आता माहीत झालं.

पहिलं काम मीच आणून दिलं, जवळच्या एका खेड्यात. अक्कानं सकाळपासून भिंत अशी उठवली की रस्त्यानं जाणारे थांबून राहिले. मग नवरीचं नाव लिहायला घेतलं. तेवढ्यात घरातून नवरीची आजी आली, झुंबरबाई. म्हातारीनं आधी भिंत पाहिली, खूष झाली, मग अक्काकडं पाहिलं.

"कोन शे ही बाई? कपाय दखा तिन्हं. कपाय कोरं, आन नवरीना नावले हात लावस?"

अक्काच्या कपाळावर कुंकू नव्हतं. म्हातारीनं ओलं फडकं मागवलं आणि नाव पुसायला लावलं. पुसायला कोणाला लावलं? अक्कालाच. तिनं पुसलं. फडकं पिळलं, डब्यात टाकलं, आणि खाली मान घालून दुसरा रंग कालवायला बसली.

तेव्हा मी पुढं झालो. मला वाटलं मी बहिणीला वाचवून राहिलो. मी म्हटलं, आजी, ती फक्त रंग कालवते, पेंटर मी आहे, नाव मीच लिहिणार. म्हातारी म्हणाली, मंग तसं सांग ना भाऊ. घरातले सगळे जेवायला आत गेले, दार लोटलं, आणि तेवढ्या वेळात अक्कानं नाव लिहून टाकलं. मी दारात पहारा देत उभा. लोक बाहेर आले तेव्हा ब्रश माझ्या हातात होता.

तिथून तसंच चालू झालं.

आणि हे काही चोरून नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्याकडचे लोक काही आंधळे नाहीत. माझ्या रेघेला पोट येतं हे पाहिलं नाही असा माणूस नाही. पण भिंतीखाली बाप्याचं नाव असलं की भिंत शुद्ध. मग आत कोणाचा का हात असेना. एक मात्र होतं, गणपतीच्या कपाळाचा टिळा कोरा ठेवायचा. तो शेवटी त्या घरची सवाष्ण येऊन लावायची, हळदीकुंकवाच्या बोटानं. तेवढ्या वेळापुरतं अक्कानं बाजूला, रिक्षाच्या पलीकडं जाऊन उभं राहायचं. अकरा वर्षं ती गणपतीचे डोळे काढत होती आणि टिळ्याच्या वेळेला रिक्षामागं जात होती.

तिची कामाची एक पद्धत होती. भिंतीला हात लावायच्या आधी ती नवरीच्या आईला म्हणायची, मावशी, तुमच्या लग्नातला शालू दाखवा. बाया आधी लाजायच्या, मग पेटीच्या तळातून काढून आणायच्या. अक्का तो काठ बोटानं चाचपायची, वहीत दोन रेघा मारायची, आणि भिंतीच्या चारी बाजूला तोच काठ फिरवायची. म्हणून एकीची भिंत दुसरीसारखी नाही. बाया भिंतीपुढं उभ्या राहून रडायच्या, का ते त्यांच्या नवऱ्यांना कळायचं नाही. बाहेर नाव मात्र व्हायचं रुपचंदभाऊंचं. "रुपचंदभाऊ, शालू कसा ओळखला हो तुम्ही?" मी मान हलवायचो.

घर सगळं तिच्या हातावर उभं राहिलं. पहाटे उठून कळण्याच्या भाकरी, पोरांची शाळा, मग भिंत. पावसाळ्यात भिंती बंद, तर रुखवताचं काम, तांदळाचे मोर, लोकरीची तुळस. मागच्या चारेक वर्षांत मोबाईलवर लग्नपत्रिका काढायला शिकली, पुनमनं शिकवलं. बोट जाड, स्क्रीन छोटी, तरी काढायची. पत्रिका ग्रुपवर जायची, खाली रुपचंद आर्ट.

एका गावच्या शाळेच्या सगळ्या भिंती तिनं बोलक्या केल्या, बाराखडी, पाढे, झाडं, पक्षी, महिनाभर. शेवटी सत्कार ठेवला. स्टेजवर कोण? मी. शाल, नारळ, टोपी. अक्का बायांच्या रांगेत खाली सतरंजीवर. सरपंच माइकवर म्हणाले कलाकार घरात जन्मावा लागतो. मी हात जोडले. फोटो काढायला मोबाईल अक्काच्याच हातात होता. परत येताना रिक्षात तिनं शालीची घडी घातली. मग म्हणाली, "शाल तू ठेव. नारय माले दे. चटणी व्हई."

चटणी केली तिनं. चांगली झाली होती. पुनमनं खाल्ली नाही. तेव्हा ती सोळा वर्षांची. मला म्हणाली, "मामा, तुला तुझं नाव तरी ब्रशनं लिहिता येतं का?"

येत नव्हतं. अक्कानंच शिकवलं मग. खालचं नाव तरी तुझ्या हातचं असू दे, नाहीतर कोणी समोर लिहायला सांगितलं तर फजिती व्हायची. अंगणात पत्र्यावर गिरवून घेतलं, पोराला गिरवून घेतात तसं. रु, त्याचा दांडा, त्याचं पोट. दोन नंबरचा ब्रश, श्वास धरायचा, रेघ संपली की सोडायचा. मला आयुष्यात ब्रशनं एवढंच लिहिता येतं, रुपचंद आर्ट सोनगीर आणि दहा आकडे.

दोनतीनदा ती बोलली होती. आता काळ बदलला रुप्या, खाली माझं टाकून पाहू का. मी म्हटलं पुढच्या वर्षी. एवढं बसलेलं काम आहे, नंबर माझा आहे, लोक बिचकतील. पुढच्या वर्षी परत पुढच्या वर्षी. मला खोटं बोलायचं नाही, तोपर्यंत मला पण गोड लागायला लागलं होतं. चहाच्या टपरीवर कोणी कलाकार म्हटलं की मी नाही म्हणत नव्हतो.

मग पुनमचं जमलं, अमळनेरचा मुलगा. सुपारी फुटली त्याच दिवशी अक्का मला म्हणाली, "दख रुपचंद." रुप्या नाही म्हणाली. "पुनमनी भिंत मी रंगाडसू. दिवसाढवळ्या, दार उघडं ठेईसन. खाले मन्हं नाव. आन टिळा बी मीच लावसू. मन्हा पोटनी आंडेर शे. ज्याले चालनार नही तो भिंतकडे पाठ करी बसो."

मी म्हटलं हो. देवाशपथ म्हटलं.

तर ती तीन तारीख. अक्कानं पेटीतून स्वतःचा शालू काढला होता. दाजी गेल्यापासून अंगाला लावला नव्हता. हिरवा, कोयरीचा काठ. तो खाटेवर पसरून तिनं तोच काठ भिंतीला घेतला. अकरापर्यंत काठ झाला, मोर झाले. ऊन असं की पत्र्याचा डबा हाताला चटका देऊन राहिलेला. ज्योत्स्नानं दोनदा हाक मारली, ताई, भाकर खाऊन घ्या. अक्का म्हणाली रंग सुकतो. ती खाली आलीच नाही. पाणी पण वरच मागितलं, अर्धं प्यायली, अर्धं ब्रशच्या डब्यात ओतलं.

बाराच्या सुमाराला भाऊकीतले चुडामण नाना आले. सावलीला उभे राहिले, मला बाजूला घेतलं.

"रुपचंद, खाले नाव कोनं?"

"अक्का म्हनस तिन्हं टाकसू."

"येडा शे का तू? अमळनेरना याही लोक येतीन. दारशी उभं राहीसन वाचतीन. रांडमुंड बाईनं नाव पोरनी भिंतवर? उद्या पोरले काही व्हयनं तर कोनाले बोल लावतीन? तिलेच ना?" मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू मामा शे. आजलोंग तुन्हंच ऱ्हायनं ना. ऱ्हाऊ दे."

मी खाली बघून दोरी गुंडाळली. नाना गेले.

एकदीडला अक्काला गरगरलं. घोडीवरून उतरली, ओसरीतल्या खाटेवर पडली. तोंड लाल, अंग कोरडं, घामाचा थेंब नाही. मला वाटलं दमली. घाम नाही म्हणजे काय ते आम्हाला कुठं माहीत. ज्योत्स्नानं कांदा फोडून नाकाशी धरला. अक्का म्हणाली, घटकाभर पडते, नाव आणि टिळा राहिलाय.

ती पडली तेव्हा मी भिंतीकडं गेलो. काय मनात होतं ते आज पण नीट सांगता येत नाही. ती उठायच्या आत होऊन गेलं तर भांडण होणार नाही, असं काहीतरी होतं. पुनमच्या संसाराला बोल नको, असं पण होतं. आणि हाताला सवय होती. दोन नंबरचा ब्रश घेतला, उजव्या कोपऱ्यात बसलो, श्वास धरला आणि लिहिलं. रुपचंद आर्ट, सोनगीर. दहा आकडे. एवढं चांगलं माझ्याच्यानं कधी आलं नव्हतं.

चारला अक्का उठली. भिंतीला धरत धरत बाहेर आली. ऊन तसंच. ती कोपऱ्यापुढं उभी राहिली. पुनम दारात होती, तिनं पण पाहिलं. मला वाटलं आता ओरडेल, डबा फेकून मारेल. मारला असता तर बरं झालं असतं.

ती वाकली, अक्षर जवळून पाहिलं, आणि म्हणाली, "अक्षर चांगलं वळी ऱ्हायनं आते तुन्हं."

एवढंच.

मग परत घोडीवर चढली. पुनम म्हणाली, आई, उद्या कर. मी म्हटलं, अक्का, ऊन उतरू दे. तिनं माझ्याकडं पाहिलं पण नाही. हत्तीचे दात राहिले होते ते पूर्ण केले. नवऱ्याच्या नावाची काळी कड ओढली. गणपतीकडं हात नेला, टिळ्यासाठी, कुंकवाची वाटी डाव्या हातात होती, आणि वाटी आधी पडली. मग ती. मी झेललं, अर्धं झेललं. अंग तव्यासारखं तापलेलं, आणि ती काहीतरी बडबडून राहिली होती, दोरी ताण, दोरी ताण.

ज्या रिक्षात अकरा वर्षं घोडी नेली त्याच रिक्षात तिला आडवी घातली. धुळ्याला पोचलो तेव्हा डॉक्टर म्हणाले ऊन लागलंय, उष्माघात, दुपारीच आणायला पाहिजे होतं. दिवस मावळायच्या आत ती गेली. ललितला तिथूनच फोन केला, त्याची आयटीआयची प्रॅक्टिकल परीक्षा होती, तो हातावरच्या ग्रीससकट आला.

लग्न पुढं गेलं. अमळनेरचे लोक चांगले निघाले, म्हणाले सुतक फिटू द्या, जूनमध्ये पाच माणसांत लावू. आणि त्यांच्यातला मुलाचा काका, जीवराम आबा, भेटायला आला तेव्हा भिंतीपुढं हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, विहीणबाईंचं नाव का नाही टाकलं हो खाली? आम्हाला तर पोरीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, कला आईची आहे.

जे बोल लावणार होते ते हेच लोक.

चुडामण नानांनी सगळ्या दिवसांत पुढाकार घेतला. सुतक फिटायच्या, गंधमुक्तीच्या दिवशी लोकांना सांगत होते, बिचारी भावाच्या धंद्याला फार मदत करायची. मी ऐकलं. आणि आलेल्यांना पाणी देत फिरलो.

त्यानंतर दोन दिवसांनी सकाळी दहाच्या सुमाराला एक मोटरसायकल दाराशी थांबली. नवराबायको होते. माणूस म्हणाला मी नवल, पिंपळनेरचा, ही आमची सुमनबाई, बारा जूनला पोरीचं लग्न आहे, हायवेनं जाताना भिंत दिसली म्हणून आत वळलो. घरात काय झालंय त्यांना माहीत नव्हतं. पुनम ओट्यावर गहू निवडत बसली होती. मी रिक्षा पुसत होतो.

नवलभाऊ भिंतीपुढं मागं हात बांधून उभा. "वा. आमच्या गल्लीत पण एक जुनी भिंत होती अशीच, असाच मोर. कोणा बाईनं काढली होती म्हणतात. आता पाडली. पण तुमची तिच्याहून बरी."

सुमनबाई काठाजवळ गेली. बोट लावून पाहिलं. "हा कोयरीचा काठ कोणाच्या साडीचा हो? माझ्या आईची अशीच होती." मग वर पाहिलं. "अगं बाई, गणपतीला टिळाच नाही. तसा ठेवू नये, चांगलं नसतं." तिनं पर्समधून कुंकवाची डबी काढली, तशाच उभ्या घोडीच्या पायरीवर चढली, बोट बुडवलं.

"नका लावू," पुनम म्हणाली. गहू निवडतानाच म्हणाली.

"का गं?"

"ते आईचं राहिलंय."

बाईनं पुनमकडं पाहिलं, मग माझ्याकडं. बोट पदराला पुसलं आणि खाली उतरली.

नवलभाऊचं लक्ष नव्हतं. तो कोपऱ्याशी उकिडवा बसून मोबाईलवर आकडे दाबत होता. "भाऊ, आमचं काम तुम्हालाच करावं लागेल. हातच तसा आहे तुमचा."

मी म्हटलं, "ही भिंत माझी नाही."

"म्हणजे?"

"मी नाही काढली. मला येत नाही."

तो हसला. "कलाकार लोक असंच बोलतात. खाली नाव कोणाचं आहे मग?" आणि नंबर बरोबर आहे का बघायला त्यानं बटण दाबलं.

माझ्या खिशात मोबाईल वाजायला लागला. मी फडकं धरून तसाच उभा. वाजून वाजून बंद झाला, त्यानं परत लावला.

पुनमनं सूप खाली ठेवलं.

"उचल ना मामा," ती म्हणाली. "तुझंच काम आहे."